चार हँडसेट नापास

चितेगाव, पैठण रोड
रविवार, ६ एप्रिल २००३

चि. बन्सी यास,
सांडूचे आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून घरात काही वाईट झालं असं तुला वाटेल. तसं काही नाही. सगळे ठीक आहेत. मी मोबाइल फोन घेतोय.

तुझा राजकोटचा पत्ता कडुबाकडून घेतला. आधी देईना. "शाळेपासून तुम्हा भावांच्या मधी मीच मार खाल्ला, आता नाय," म्हणाला. मी म्हटलं, "मधी येऊ नको, नुसता पत्ता सांग." मग दिला. त्यात पिनकोडचा एक आकडा चुकीचा होता. पोस्टात जाऊन पुस्तकात बघितला आणि दुरुस्त केला.

चार वर्षांनी लिहितोय, तेव्हा कारण नीट सांगतो. इथं पाण्याचा ठणठणाट आहे आणि कामाचा पूर. विहिरींनी तळ दाखवला, लोक बोअर खोल खोल नेतात आणि मोटरी कोरड्या चालून जळतात. शिवाय औरंगाबाद पैठण रोडनं आपल्याकडं सरकत आलंय. नक्षत्रवाडीच्या अलीकडं-पलीकडं तू गेलास तेव्हा बाभळी होत्या, तिथं आता तीन-तीन मजली अपार्टमेंट आहेत. प्रत्येकीला बोअर, प्रत्येक बोअरला मोटर. मी एका ठिकाणी मोटर उतरवत असतो तेव्हा दुसरं गिऱ्हाईक आपल्या शेडचं कुलूप बघून परत जातं. किराणा दुकानातल्या फोनवर आलेला निरोप मला तिसऱ्या दिवशी मिळतो, तोही अर्धा.

म्हणून मोबाइल. पण मी डोळे झाकून घेणाऱ्यातला नाही, हे तुला माहीत आहे. शंभर पानी वही केली आहे. तीन महिन्यांची पेपरातली कात्रणं तिच्यात डकवली आहेत. प्रीपेड म्हणजे काय, पोस्टपेड म्हणजे काय, पल्स किती सेकंदांची, मला सगळं पाठ आहे. मे महिन्यापासून येणारा फोन फुकट होणार आहे. म्हणजे समोरच्यानं करायचा आणि आपण नुसता उचलायचा. मला ही व्यवस्था एकदम पसंत पडली. मी प्रीपेडचा असा प्लॅन हेरून ठेवलाय की ज्यात करायचा खर्च जास्त आणि ठेवायचा खर्च कमी. मला कुठं कोणाला करायचाय? राजकोटहून कोणाला करावासा वाटला तर त्यानं करावा. मी उचलीन.

तुझी साळूवहिनी म्हणते, "येवढं काय त्यात? वाजला की झालं." तिच्याशी पल्सवर काय बोलणार? असल्या गोष्टीत रस असणारा माणूस या घरात एकच होता.

बिडकीनच्या अप्पारावांच्या मोटरीचा विषय मी या पत्रात काढणार नाही. बेअरिंग चिरचिरतेय असं तुझं म्हणणं होतं. मी नेहमीसारखं पेचकसाचं टोक मोटरीच्या अंगावर टेकवून मूठ कानाला लावली, डावा हात पेचकसावर, उजवा स्विचवर, आणि ऐकलं. बेअरिंग साफ होती. पेचकसानं ऐकायची रीत मला कोणी शिकवली नाही, माझी मी शोधली आणि तुला शिकवली. मोटर पंधरा दिवसांत जळाली. बेअरिंग साफ असताना जळाली, याचा अर्थ तू भरलेल्या वाइंडिंगमध्ये तांब्याच्या तारेचे वेढे कमी होते. हे मी अप्पारावांसमोर आणि चार गिऱ्हाइकांसमोर बोललो, आणि तू त्याच आठवड्यात बॅग भरलीस. तर तो विषय काढत नाही.

तुझा,
दादा

२० एप्रिल २००३

चि. बन्सी,

उत्तराची वाट बघत नाही. रेंजचं कळवायचं आहे.

बाजारात दोन कंपन्या आहेत. कोणाची रेंज चांगली हे विचारायला गेलं की ज्याच्याकडं जी आहे तो तिचंच नाव घेतो. म्हणून मी स्वतः तपासणी केली. आजकाल अपार्टमेंटवाले बिल्डर येतात, त्यांच्या खिशात फोन असतोच. मोटर दुरुस्तीला टाकली की मी म्हणतो, "साहेब, पाच मिनिटं फोन द्या, कोणाला लावत नाही." एक जण म्हणाला, "मग काय करता?" मी म्हटलं, "कांड्या मोजतो." फोनच्या कोपऱ्यात उभ्या कांड्या असतात बघ, जितक्या जास्त तितकी रेंज चांगली.

आपल्या जागेचा नकाशा काढून अठरा ठिकाणं ठरवली. लेथजवळ, वार्निशच्या भट्टीजवळ, अंगणात, हौदावर, संडासात सुद्धा. दोन्ही कंपन्यांचे फोन घेऊन सकाळी, दुपारी, संध्याकाळी फिरलो. निकाल असा की पत्र्याच्या शेडमध्ये दोघींचीही बोंब. पत्रा सगळं बाहेरच थोपवतो. पण पहिल्या कंपनीच्या दोन कांड्या तुझ्या जुन्या टेबलापाशी मिळतात, खिडकी आहे ना तिथं. म्हणून काल टेबल बदललं. माझं सामान तुझ्या टेबलावर हलवलं.

टेबल पुसताना खालच्या फळीवर तुझी पट्टी सापडली, वेढ्याचं माप घ्यायची. जागेवर ठेवली आहे.

हौदावर चढलं तर पूर्ण कांड्या येतात. साळू खालून म्हणाली, "फोन आला की दर बारीला हौदावर चढणार का? हौदात पाणी नाय म्हणून बरंय, पडले तर बुडायचे नाहीत."

बन्सी, खरं सांगतो, मला रात्री झोप लागत नाही अशी गंमत वाटतेय. पहिला मल्टीमीटर आणला होता, आठवतं? दोघांनी घरातल्या प्रत्येक वस्तूला काटा लावून बघितला होता. आईच्या तव्याला सुद्धा. तसं झालंय.

दादा

४ मे २००३

चि. बन्सी,

हँडसेटची पहिली फेरी झाली. चारही नापास.

पैठण गेटला रईसभाई म्हणून आहे. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, आता मोबाइल विकतो. सरळ माणूस, भाव एकच सांगतो. मी त्याला म्हटलं की डबा बघून मी वस्तू घेत नाही, चालवून बघतो. तो तयार झाला. पद्धत अशी ठरली. तो रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीपाशी जाणार, तिथून माझ्या हातातल्या फोनला लावणार आणि काहीतरी बोलणार. मी डाव्या हातानं फोन कानाला लावायचा आणि ऐकता ऐकता उजव्या हातानं वहीत लिहायचं. आवाजाला दहा मार्क, बटणांना पाच, वजनाला पाच.

पहिला फोन. वाजला छान. बटण दाबलं, कानाला लावला, आत काहीच नाही. दहापैकी शून्य. दुसरा, लांब कुणीतरी पोत्यात तोंड घालून बोलतंय असा. दहापैकी दीड. तिसरा शून्य. चौथा महागातला, त्याला दोन मार्क, तेही रईसभाईच्या मेहनतीचे.

तो परत आला तर घामाघूम. "चाचा, आवाज आया?"

"नहीं आया."

"मैं गला फाड के बोला. रसवाला पूछरा, किस से झगडा है."

"फोन में खराबी है. चारों में."

"चारों में? चाचा, येइच माल आधे औरंगाबाद में चलरा."

"आधे औरंगाबादने तपासलं नसेल," मी म्हटलं. "कांड्या पूर्ण आहेत, म्हणजे रेंज आहे. वाजतो, म्हणजे लाइन आहे. बोललेलं येत नाही, म्हणजे कानाजवळचा स्पीकर कमजोर आहे. नई चीज है, ध्यान से नहीं बनाते."

तो हसला. "लोगां शादी के वास्ते लडकी भी इत्ता नहीं देखते."

"लडकी बोलती तो थी. तेरा फोन बोलताच नहीं."

रसवाल्यानं आम्हाला एकेक ग्लास फुकट दिला. म्हणाला, तुमच्यामुळं गर्दी जमली.

दुसऱ्या दोन दुकानांत गेलो, तिथंही तेच. मी कंपनीला पत्र लिहायला घेतलंय. मुद्देसूद, तक्त्यासह. माझ्यासारख्या माणसानं लिहिलं नाही तर यांना कळणार कसं की माल कसा जातोय बाजारात?

तू तिकडं मोटरीच्या कारखान्यात टेस्टिंग खात्यात आहेस असं कडुबा म्हणाला. चांगलं आहे. तुझा कान चांगलाच होता, ते मी कधीच नाकारलं नाही.

दादा

११ मे २००३

चि. बन्सी,

हँडसेट क्रमांक पाच पास झाला. आवाजाला दहापैकी दहा.

राखाडी रंग, हातात मावतो, मूठभर वजन. थरथरतो पण. म्हणजे खिशात असताना आवाज बंद ठेवला तरी मांडीला कळतं. लेथ चालू असताना हे लई कामाचं. आत शंभर माणसांची नावं बसतात. मी पहिलं नाव लिहून बघितलं, नंबराच्या जागी नुसती शून्यं टाकली. नाव तुझं टाकलं. दोन अक्षरी आहे, सोपं पडतं.

खरं म्हणजे आज एवढंच लिहिणार होतो. पण निम्मं लिहिलेला अहवाल मी कोणाला दिलेला नाही, तुलाही देणार नाही.

क्रमांक पाच हा नवा हँडसेट नव्हता. तो क्रमांक एकच होता.

या वेळी साळू बरोबर आली. रंग तिला बघायचा होता. रईसभाई बिचारा परत रसवंतीपाशी गेला, फोन वाजला, मी डाव्या कानाला लावला, शून्य. मी वहीत शून्य लिहिलं. साळू म्हणाली, "बघू." तिनं ऐकलं आणि माझ्याकडं बघितलं.

"ते बोलायलेत की."

"काय बोलायलेत?"

"चाचीजी को सलाम म्हनायलेत. साफ ऐकू येतंय."

"तुला भास होतोय," मी म्हटलं. "आण इकडं."

माझ्या डाव्या हातात वही होती, उजव्यात पेन. ती माझ्या उजव्या बाजूला उभी होती. तिनं हात लांबवून फोन माझ्या उजव्या कानाला लावला.

बन्सी, रईसभाई माझ्या डोक्यात उभा राहून बोलतोय असं वाटलं. रसवाल्याची घुंगरं ऐकू आली. रिक्षाचा भोंगा ऐकू आला. रईसभाई म्हणत होता, "चाचा, अब तो पास कर दो, मेरे पैर दुखरे."

मी साळूच्या हातातून फोन घेतला, डाव्या कानाला लावला. काही नाही. उजव्या कानाला, रईसभाई. डाव्या, काही नाही. भर रस्त्यात किती वेळ तसं करत होतो कोण जाणे. साळूनं शेवटी माझा हात धरला आणि म्हणाली, "घरी चला." मग म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही मुद्दामच उत्तर देत नाही. डाव्या अंगाला निजले की मी बोलते ते भिताडाला बोलल्यावानी होतं. सात-आठ वरसं झाली आसतील."

सात-आठ वर्षं म्हणाली. आज हा आकडा मी वहीत लिहिला आणि त्याच्याखाली अप्पारावांच्या मोटरीचं साल लिहिलं.

दादा

१८ मे २००३

बन्सी,

आधी कानाचं सांगून टाकतो. घाटी दवाखान्यात जाऊन तपासून आलो. एका खोलीत बसवून कानाला यंत्र लावतात, बारीक आवाज सोडतात, ऐकू आलं की हात वर करायचा. मशीन फार सुंदर आहे. दोन्ही कानांचा आलेख काढून देतात. उजवा कान वयाच्या मानानं बरा. डाव्याचा आलेख घाट उतरतो तसा खाली गेलाय. मोठ्या, जाड आवाजाचा थोडा भाग शिल्लक आहे, बारीक आवाज पार गेलाय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डाव्या बाजूला मशीन असतं का? असतं. वीस वर्षं ग्राइंडर माझ्या डाव्या हाताला आहे. मीच बसवला, स्पिरिट लेव्हल लावून.

घरी आलो आणि टेबलावर एक मोटर चालू केली. पेचकस घेतला. डाव्या कानाला लावला, सवयीप्रमाणे. घुमणं लागलं. मग उजव्या हातात घेऊन उजव्या कानाला लावला. बन्सी, मोटर बोलायला लागली. घुमणं आहेच, त्याच्यावर पंख्याची सळसळ, त्याच्यावर बारीक शिट्टी. इतकी वर्षं डाव्या कानाला मूठ लावून मला जे लागत होतं, ते हाताला लागत होतं. हाडाला लागत होतं. त्यालाच मी ऐकणं समजत होतो.

मग मी माळ्यावर चढलो.

बदललेला प्रत्येक भाग मी चिठ्ठी बांधून ठेवतो, हे तुला ठाऊक आहे. तू हसायचास. अप्पारावांच्या मोटरीची बेअरिंग डब्यात सापडली. चिठ्ठीवर तारीख माझ्या हाताची. बोटात धरून फिरवली, उजव्या कानाशी. खडे भरल्यासारखी वाजते आणि अडकते. जळाल्यावर अशी झाली असेल, असं अजूनही म्हणता आलं असतं. म्हणून तेवढ्यावर थांबलो नाही.

त्या मोटरीतल्या जळक्या तारा मी तेव्हा छिन्नीनं कापून ओढून काढल्या होत्या. चोवीस स्लॉट, चोवीस जुड्या. त्या भंगारात दिल्या नाहीत. का दिल्या नाहीत ते मी स्वतःला कधी विचारलं नाही. पोत्यात घालून माळ्यावर टाकल्या. आणि बन्सी, ज्या माणसानं संडासातल्या कांड्या मोजल्या, त्यानं त्या जुड्या मोजल्या नव्हत्या. वेढे कमी आहेत असं मी चार लोकांत बोललो ते न मोजता बोललो.

आज मोजल्या. अंगणात गोणपाट अंथरून बसलो. एकेका स्लॉटात बेचाळीस तारा असायला पाहिजेत. पहिल्या जुडीत बेचाळीस. दुसरीत बेचाळीस. साळूनं मधे चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. सतराव्या जुडीत एक्केचाळीस भरल्या. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात एकदम उजेड पडला. परत मोजल्या. एक तार दुसरीला चिकटली होती. बेचाळीस. चोवीसच्या चोवीस बरोबर.

वाइंडिंग बरोबर होतं. बेअरिंग गेलेली होती. तू सांगितलंस ते खरं होतं आणि मी ऐकू न येणाऱ्या कानानं ऐकून तुला खोटं पाडलं.

याच्यापुढं काय लिहितात ते मला येत नाही. मी ते कधी शिकलो नाही.

सांडू

१ जून २००३

चि. बन्सी,

काल बिडकीनला अप्पारावांकडं जाऊन आलो. बेअरिंग आणि एक जुडी पिशवीत घालून नेली.

ते ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, क्रमानं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चार वरसं मी लोकायला सांगत फिरलो, की त्या धाकल्यानं तार खाल्ली. तांबं चोरलं पोरानं."

मी तार कमी भरली असं म्हटलं होतं, चोरली म्हटलं नव्हतं. पण लोक तेवढ्यावर थांबत नाहीत, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तुला ते तेव्हाच कळलं असेल. म्हणून तू बॅग भरलीस.

मी म्हटलं, "आप्पा, तुमची नवी मोटर मी माझ्याकडून बसवून देतो."

"मोटर बसवतोस, अन् पाणी कोन घालतं हिरीत? गेल्या सालापासून टँकरवर जगतोय आम्ही. ती मोटर चांगली आसती तरी आता हवाच उपसली आसती." मग जुडी हातात घेऊन त्यांनी स्वतः मोजायला सुरुवात केली. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. सून आली, तिनं मोजली. "बेचाळीस," ती म्हणाली. अप्पाराव म्हणाले, "अजून येकदा मोज, हा मानूस लई चिकित्सक आहे."

निघताना मला हाक मारली असावी. मी डावा कान त्यांच्याकडं करून चाललो होतो. मागून येऊन खांद्यावर हात ठेवला. "मोठ्यानं वरडू का आता तुझ्याशी? च्या घेऊन जा म्हनतोय."

चहा घेतला. ते म्हणाले, "धाकल्याला सांग, आप्पानं सगळ्यायला सांगायचं कबूल केलंय. ज्याला ज्याला चोर म्हनलो त्याला त्याला."

तेव्हाची चार गिऱ्हाइकं आता कुठं कुठं पांगली आहेत. दोघांना भेटलो. बाकीच्या दोघांसाठी शेडच्या दारातल्या फळ्यावर लिहून ठेवलंय, जिथं आपण रोजची कामं लिहितो तिथंच. "मे ९९, अप्पाराव, ५ एचपी. वाइंडिंग (बन्सी) बरोबर. बेअरिंग ऐकण्यात चूक (सांडू)." बिल्डर लोक वाचतात आणि हे काय म्हणून विचारतात. मी सांगतो. रोज दोन-तीनदा सांगावं लागतं. लागू दे.

आता फोनचं. हँडसेट घेतला, क्रमांक एक. रईसभाईनं दुकानात सगळ्यांना सांगितलं, चाचा ने पास कर दिया. पण प्लॅन मी बदलला. ठेवायला स्वस्त आणि करायला महाग असा जो हेरून ठेवला होता तो रद्द. पोस्टपेड घेतला. महिन्याचं भाडं जास्त आहे, पण दुसऱ्या राज्यात लावायचा दर निम्म्याहून कमी पडतो. रईसभाई म्हणाला, "चाचा, तुम तो बोले थे, किसी को करनाच नहीं." मी म्हटलं, "वो पुराना हिसाब था."

तू करायचास आणि मी उचलायचं, अशी ती व्यवस्था होती. चूक ज्याची त्यानं करायचा फोन. उचलायचा की नाही ते तुझ्याकडं.

उचललास तर बोलायलाच पाहिजे असं नाही. मला काम आहे. टेबलावर एका अपार्टमेंटची मोटर आहे, मोनोब्लॉक. उजवा कान म्हणतो पुढची बेअरिंग गेली. पण या कानाला या कामाचा सराव नाही, आणि माझ्या एकट्याच्या ऐकण्यावर मी आता मोटर सोडत नाही. मी फोन मोटरीच्या अंगाला लावीन. तू तिकडून ऐक. कोणती गेली तेवढं सांग आणि ठेव.

फक्त तुझा नंबर माझ्याकडं नाही. फोनमध्ये तुझ्या नावापुढं अजून शून्यंच आहेत.

दादा

गुरुवार, १२ जून २००३

चि. बन्सी,

दुपारी फोन झाला, संध्याकाळी पत्र लिहितोय. वेड लागलंय का याला, म्हणशील. पण फोनवर या बाजूला काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, ते सांगायला हवं.

तुझं कार्ड सोमवारी आलं. वर नंबर. खाली, "जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक, टेस्टिंगचा फोन तेव्हा मोकळा असतो. मोटर टेबलाला घट्ट बांध, नाहीतर टेबलाचाच आवाज येईल." एवढंच. ना मायना, ना सही. साळूनं मला विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हटलं, "टेबलाचाच आवाज येईल." ती म्हणाली, "मग तोंडभर हसायला काय झालं?"

मोटर चार बोल्टांनी बांधली, खाली रबर घातलं. टेबल तुझंच आहे, खिडकीजवळचं, दोन कांड्या होत्या. एकला पाच कमी असताना लावला. साळू दारात उभी होती आणि कडुबा, ज्याला आपल्या मधी यायचं नव्हतं, तो तिच्या मागं उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

तू "हां" म्हणालास. मी म्हटलं, "ऐक." मोटर चालू केली, पेचकस जिथं टेकवतो तिथं फोन टेकवला, आधी पुढं, मग मागं. मनात साठ मोजले. बंद केली. आणि फोन कानाला लावला.

काही नाही.

मला वाटलं, तू ठेवलास. मग वाटलं, ठेवला नसेल, बोलायचं नसेल. हरकत नाही, म्हटलं. चार वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला अर्धा मिनिट गप्प राहू द्यावं. म्हणून मीही बोललो नाही. नुसता उभा राहिलो. तेवढ्यात साळू दारातून ओरडली, "आवो, कान. कान बदला."

उजव्या हातानं मी स्विच बंद केला होता, बन्सी. फोन डाव्या हातात होता. वीस वर्षांची सवय.

कान बदलला तेव्हा तू म्हणत होतास, "...पुढचीच. नंबर बघून टाक, स्वस्तातली टाकू नको." मी म्हटलं, "मीपण पुढचीच म्हणत होतो." तू म्हणालास, "मग मला कशाला विचारलंस?" आणि तुझा तो नाकातला हसायचा आवाज आला. भोंगा झाला आणि तू ठेवलास.

बेअरिंग काढली. पुढचीच. चिठ्ठी बांधली. आजची तारीख घातली आणि खाली लिहिलं, ऐकली बन्सीनं.

आता मुद्द्याचं. त्या अर्ध्या मिनिटात तू बोलत होतास. फोन चालूच होता आणि तू उगीच गप्प बसणाऱ्यातला नाहीस. मी डाव्या कानानं उभा होतो, त्यामुळं एक शब्द माझ्यापर्यंत आला नाही. कडुबा म्हणतो, दारापर्यंत काहीतरी बारीक येत होतं, शब्द कळले नाहीत. त्याच वेळी विचारायला हवं होतं, पण जे एकदा ऐकलं नाही ते परत बोल म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

ते फोनवर सांगू नकोस. पत्रातही लिहू नकोस. दिवाळीला चार दिवस ये. शेडमध्ये तुझं टेबल मोकळं करून देतो, ग्राइंडर मी आजच पलीकडं हलवला. माझ्या उजव्या बाजूला बस आणि पहिल्यापासून सांग.

वाट बघतो,
दादा